बोटीसकट बुडवा म्हणणाऱ्यांना

२०२५ च्या भाऊबीजेला ताईकडे गेलो होतो. ओवाळून झालं, पुढ्यात चिवडा आणि अनारसे आले, आणि भाऊजींनी सवयीप्रमाणे टीव्ही लावला. बातम्यांत तोच व्हिडिओ चालू होता. निळा समुद्र, त्यावर एक लांबुळकी बोट भरधाव चाललीय, वरून काहीतरी येतं, पांढरा भडका उडतो, आणि मग नुसता धूर. अमेरिकेनं ड्रग्ज नेणारी बोट उडवली, असं निवेदिका सांगत होती. आवाज असा, की जणू क्रिकेटचा स्कोअरच.

भाऊजींचे थोरले बंधू, म्हणजे आमचे सगळ्यांचे नाना, खुर्चीत सावरून बसले. "ह्याले म्हनते काम! नाहीतं आपल्याकडं पाहा. पाकिस्तानी पकडून आनले, धा वर्सं मुंबईच्या जेलात बसवून खाऊ घातलं, अन् आता शिक्षा देऊन आनखी खाऊ घालून राहिले. बोटीसकट बुडवून टाकाचं ना. कशाले पाहिजे कोर्ट?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही तोंडात अनारसा असल्यामुळे गप्प राहिलो (हे कारण खरं नाही, नानांपुढे मी नेहमीच गप्प असतो). बोलली ती ताई. माझा भाचा मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे, आणि त्या आठवड्यात त्याचं जहाज ब्राझीलच्या वाटेवर होतं. ती स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "आन् नाना, आपल्या पोराच्या जहाजात कोणी काही लपवून ठेवलं तर?"

"अवं, तो का स्मगलर हाय?"

"नाही. पण ते कळायच्या आधीच बुडवतील ना."

विषय तिथंच थांबला, कुणीतरी चहाचं विचारलं. पण नागपूरच्या या टोकाहून त्या टोकाला स्कूटरवर घरी येईपर्यंत ताईचं ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. नानांना तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आज लिहितोय. नाना हे वाचणार आहेत, मला माहीत आहे. वाचा नाना, आणि मग फोन करा.

आधी एक सांगतो. मी वकील नाही. जिल्हा न्यायालयात तेवीस वर्षं लघुलेखक होतो. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. नार्कोटिक्सच्या केसेसही त्यात बऱ्याच आल्या. बहुतेक गांजाच्या, रेल्वेत पकडलेल्या. समुद्र आम्हा नागपूरकरांना नकाशातच दिसतो. पण पंचनामा, सील, मुद्देमाल आणि मालखाना हे शब्द डोंगरात काय आणि दर्यात काय, सारखेच.

नाना म्हणाले ती केस खरी आहे. एप्रिल २०१५ मध्ये आपल्या तटरक्षक दलानं गुजरातच्या किनाऱ्यापलीकडे एक बोट अडवली. बोटीवर आठ पाकिस्तानी. निळ्या पिंपांमध्ये प्लास्टिकच्या पुड्या, त्यांत २३२ किलो हेरॉइन. सोबत सॅटेलाइट फोन. प्रकरण मुंबईच्या यलो गेट पोलीस ठाण्याकडे आलं, मुंबईच्या विशेष न्यायालयात चाललं, आणि १ जानेवारी २०२५ ला निकाल लागला. आठही जणांना वीस वर्षं सक्तमजुरी आणि दोन-दोन लाख दंड. हेरॉइन २५० ग्रॅमच्या वर गेलं की कायद्याच्या लेखी ते 'व्यापारी प्रमाण', आणि त्याला दहा ते वीस वर्षं शिक्षा असते. म्हणजे या आठ जणांना कमाल शिक्षा मिळाली. सरकारी वकिलांनी तीच मागितली होती. बचाव पक्षानं दया मागितली, ती मिळाली नाही.

आता नाना, मला सांगा, यात देश कुठे कमी पडला? माल पकडला, माणसं पकडली, खटला उभा राहिला, दोष सिद्ध झाला, जास्तीत जास्त शिक्षा झाली. एकाही माणसाला न बुडवता. कमी पडलो ते एकाच ठिकाणी, पावणेदहा वर्षं लागली. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

पण मूळ मुद्दा वेगळा आहे. "ते आपले नागरिकच नाहीत, त्यांना कसली घटना?" हे वाक्य मी नानांकडूनच नाही, चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकलं आहे. दीक्षाभूमीच्या गावात राहणाऱ्यांनी तरी हे म्हणू नये. घटना उघडून बघा. भाषणाचं, संघटनेचं, देशभर फिरण्याचं स्वातंत्र्य देणारं कलम १९ नागरिकांपुरतं आहे. कायद्यापुढे समानता देणारं कलम १४ आणि जीविताचं संरक्षण करणारं कलम २१ मात्र 'व्यक्ती'साठी आहे. अटक झाल्यावर कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा, असं सांगणारं कलम २२ सुद्धा अटक झालेल्या व्यक्तीबद्दल बोलतं. त्यात शत्रुराष्ट्राच्या माणसासाठी अपवाद लिहिलेला आहे, म्हणजे परदेशी माणसाचा विचार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होता. कुठे 'नागरिक' लिहायचं आणि कुठे 'व्यक्ती', हे त्यांना नीट ठाऊक होतं.

आणि हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. नूर आगा नावाचा एक अफगाण माणूस अमृतसरच्या विमानतळावर हेरॉइनसकट पकडल्याची केस होती. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, हायकोर्टात कायम झाली. सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये त्याला सोडलं. का? नार्कोटिक्स कायद्यात आरोपीच्या विरुद्ध गृहीतक आहे. माल तुझ्याकडे सापडला ना, मग तुला माहीत होतं असंच आम्ही धरणार, निर्दोष असशील तर तू सिद्ध कर. सुप्रीम कोर्टानं हे गृहीतक घटनाबाह्य ठरवलं नाही. पण म्हटलं की आधी सरकारनं माल सापडल्याचं पक्कं सिद्ध करावं, मगच ओझं आरोपीवर जाईल, आणि शिक्षा जितकी कडक तितका पुरावा कडक हवा. त्या केसमध्ये मुद्देमालच धडपणे कोर्टापुढे आला नव्हता. मी मालखान्याच्या नोंदी टाइप केलेल्या आहेत नाना. सील तुटलेलं, वजन जुळत नाही, नमुना कुणी काढला ते पंचाला आठवत नाही... हे सगळं मला नवं नाही. त्या अफगाण माणसाच्या निकालाचा आधार घेऊन आज आपलीच पोरं बचाव करतात. परदेशी माणसासाठी जी खिडकी उघडली तिच्यातून येणारा वारा आपल्यालाही लागतो.

आता समुद्राकडे वळू. इथं घटनेची दुसरी मर्यादा येते, आणि ती नानांना अजिबात आवडणार नाही. ती म्हणजे आपला कायदा तिथपर्यंत पोचतो का.

१९७६ च्या आपल्या सागरी क्षेत्र कायद्यानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत पाणी आपलं, म्हणजे जवळजवळ जमिनीसारखंच. २४ मैलांपर्यंत जकात, इमिग्रेशन, सुरक्षा अशा कामांपुरते अधिकार. २०० मैलांपर्यंत मासे, तेल, वायू यांसारख्या संपत्तीवर हक्क, पण तो मुलूख आपला नव्हे. तिथं भारताचा एखादा कायदा लागू करायचा तर केंद्र सरकारला तशी अधिसूचना काढावी लागते. त्यापलीकडे खुला समुद्र. तिथं जहाजावर ज्याचा झेंडा त्याचा कायदा.

आता १९८५ च्या नार्कोटिक्स कायद्याचं पहिलंच कलम बघा. हा कायदा संपूर्ण भारतात लागू. भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांना लागू. आणि भारतात नोंदलेल्या जहाजांवर आणि विमानांत असलेल्या सर्व व्यक्तींना लागू, मग ती कुठंही असोत. झालं, यादी संपली. परक्या झेंड्याच्या बोटीवरचा परका माणूस खुल्या समुद्रात असेल तर तो या यादीत कुठं बसतो? कुठंच नाही. मग त्याचं कारस्थान भारतात माल उतरवण्याचं होतं, असा धागा जोडावा लागतो, आणि तो पुराव्यानं जोडावा लागतो. नकाशावरचा बिंदू इथं फार महागाचा असतो. तटरक्षक दलाच्या जहाजावरचा तो जीपीएस आकडा मुद्देमालाइतकाच जपून ठेवायला हवा तो यासाठी.

हे काही मी माझ्या मनाचं सांगत नाही. २०१२ मध्ये केरळपासून साडेवीस मैलांवर 'एन्रिका लेक्सी' या इटालियन जहाजावरच्या नौसैनिकांनी आपले दोन मच्छीमार गोळ्या घालून मारले. लोक चवताळले, आणि चवताळायलाच हवं होतं. केरळ पोलिसांनी दोघांना अटक केली. जानेवारी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बारा मैलांपलीकडे राज्याचा अधिकार चालत नाही, केंद्रानं विशेष न्यायालय नेमावं. पुढे २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानं खटला चालवण्याचा हक्क इटलीकडे दिला आणि भारताला भरपाई. २०२१ मध्ये दहा कोटी जमा झाल्यावर सुप्रीम कोर्टानं प्रकरण बंद केलं. मला त्या निकालाचा आजही राग येतो. पण राग आला म्हणून मैल कमी होत नाहीत.

मग संसद काहीच करू शकत नाही का? करू शकते की! घटनेच्या कलम २४५ मध्येच लिहिलंय, संसदेचा कायदा देशाबाहेर परिणाम करतो एवढ्याच कारणानं तो बाद होणार नाही. २०११ मध्ये जीव्हीके इंडस्ट्रीजच्या खटल्यात घटनापीठानं त्याला एक अट जोडली. बाहेरच्या त्या गोष्टीचा भारताशी खरा संबंध हवा, भारताच्या हिताशी नातं हवं. गुजरातच्या दिशेनं निघालेल्या हेरॉइनचा भारताशी संबंध आहे हे सांगायला वकील लागत नाही. म्हणजे दार उघडं आहे. फक्त त्यातून सरळ जा, खिडकी फोडून जाऊ नका, एवढंच घटनेचं म्हणणं आहे.

दारातून न गेल्यावर काय होतं याचाही धडा आपण मुंबईतच घेतला आहे. १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' नावाचं जपानी मालकीचं जहाज इंडोनेशियन चाच्यांनी पळवलं. खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं. आपल्या नौदलानं आणि तटरक्षक दलानं अरबी समुद्रात पाठलाग करून जहाज पकडलं, जगानं टाळ्या वाजवल्या. २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं शिक्षा दिल्या. २००५ मध्ये हायकोर्टात सगळे निर्दोष सुटले. तेव्हा आपल्या कायद्याच्या पुस्तकात चाचेगिरी हा गुन्हा धड लिहिलेलाच नव्हता! तो लिहायला २०२२ साल उजाडलं. पण एकदा लिहिल्यावर काय झालं तेही बघा. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'नं ३५ सोमाली चाचे जिवंत पकडून मुंबईला आणले आणि नव्या कायद्याखाली पोलिसांच्या हवाली केले. कायदा लिहायला लागतात ते कष्ट गोळी झाडण्यापेक्षा जास्त असतात, पण टिकतं तेच.

आता नानांच्या लाडक्या अमेरिकेकडे. गंमत अशी की हा वाद तिथलाच जुना आहे. १९८६ मध्ये त्यांनी समुद्रावरच्या ड्रग्जसाठी खास कायदा केला. दूर समुद्रात कोलंबियाचा नाहीतर इक्वेडोरचा माणूस पकडायचा आणि फ्लोरिडात खटला चालवायचा. त्यांच्या घटनेनं काँग्रेसला चाचेगिरी, खुल्या समुद्रावरचे गुन्हे आणि राष्ट्रांच्या कायद्याविरुद्धचे गुन्हे यांची व्याख्या करून शिक्षा ठरवण्याचा अधिकार दिलाय. मग ड्रग्ज यातल्या कशात बसतं? २०१२ मध्ये तिथल्या अकराव्या सर्किट कोर्टानं पनामाच्या हद्दीतल्या पाण्यात पकडलेल्या चौघांच्या शिक्षा रद्द केल्या, कारण ते पाणी खुला समुद्र नव्हतं आणि ड्रग्जची वाहतूक राष्ट्रांच्या कायद्याविरुद्धचा गुन्हा ठरत नाही. पुढे २०२४ मध्ये त्याच कोर्टानं दोनशे मैलांचा पट्टा मात्र खुल्या समुद्रातच धरला. म्हणजे कधी सरकार हरलं, कधी जिंकलं. पण लढाई कोर्टात होती.

२ सप्टेंबर २०२५ ला पहिली बोट उडवली. अकरा माणसं मेली, असं त्यांच्याच अध्यक्षांनी सांगितलं. त्या बोटीत काय होतं? सरकारनं सांगितलं ते. पंचनामा नाही, मुद्देमाल नाही, आरोपीचं नावसुद्धा नाही. माल, साक्षीदार आणि आरोपी सगळं एकाच वेळी तळाला. आणि ऑक्टोबरमधली ती गोष्ट नानांनी वाचली नसावी. एका हल्ल्यातून दोघे वाचले. ज्यांना ठार करायला निघाले होते त्यांच्यावर अमेरिकेनं खटला भरला का? नाही. दोघांना त्यांच्या त्यांच्या देशात पाठवून दिलं. इक्वेडोरच्या माणसाला तिथल्या सरकारी वकिलांनी सोडून दिलं, कारण त्याच्यावर तिथं कुठला गुन्हाच नोंदलेला नव्हता. नाना, ज्याला कोर्टापुढे उभं करण्याइतका पुरावा जमवला नाही त्याला मारायला निघाले होते. याला म्हणायचं काम?

"पण पाकिस्तान आपल्या माणसाला असं वागवते का?" हा नानांचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. नाही वागवत. कुलभूषण जाधव आपल्या महाराष्ट्राचे. पाकिस्तानच्या लष्करी कोर्टानं बंद दाराआड २०१७ मध्ये त्यांना फाशी सुनावली, आपल्या वकिलातीला भेटूही दिलं नाही. आपण हेगला गेलो. आपल्याच नागपूरचे हरीश साळवे एक रुपया फी घेऊन उभे राहिले, आणि त्या दिवशी बर्डीवर कॉलर किती ताठ होती ते मला आठवतं. जुलै २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पंधरा विरुद्ध एक अशा मतांनी पाकिस्तानला दोषी धरलं. परदेशी कैद्याला त्याच्या देशाचा दूत भेटलाच पाहिजे, हा आपला मुद्दा होता. आपण हेगमध्ये जे मागितलं तेच यलो गेटला द्यायचं नाही, असं कसं चालेल? त्या दिवशी आपली बाजू खणखणीत होती, कारण आपण आपल्या कैद्यांना खोल समुद्रात बुडवत नव्हतो.

आता ती पावणेदहा वर्षं. इथं मी नानांशी सहमत आहे, फक्त उलट बाजूनं. आठ माणसं निकालाविना इतकी वर्षं तुरुंगात असणं ही शिक्षा आधी आणि निकाल नंतर अशी गोष्ट झाली. त्यातला एखादा निर्दोष निघाला असता तर त्याला ती वर्षं कुणी परत दिली असती? नार्कोटिक्स कायद्यात जामीन मिळणं मुळातच कठीण, त्यात परदेशी माणूस. ना घर, ना हमीदार. बरं, जामीन मिळाला तरी अटी अशा, की गूगल मॅपवर सतत आपला ठावठिकाणा दाखवत राहा. २०२४ मध्ये एका नायजेरियन आरोपीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ती अट रद्द केली, कारण जामिनावर सुटलेल्या माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांना असं सतत डोकावता येणार नाही. कलम कोणतं लागलं? २१. शब्द कोणता? 'व्यक्ती'.

म्हणून माझं मागणं असं आहे. नार्कोटिक्स कायद्याच्या पहिल्या कलमात संसदेनं साफ लिहावं की भारताकडे माल आणणाऱ्या परक्या बोटीवर आणि झेंडा नसलेल्या बोटीवर, किती मैलांपर्यंत आणि कोणत्या अटींवर आपला कायदा चालेल. दुसऱ्या देशाचा झेंडा असेल तर त्या देशाची परवानगी घेऊन बोटीवर चढायचं, ही रीत १९८८ च्या व्हिएन्ना करारात लिहिलेलीच आहे, आणि भारत त्या करारात आहे. पकडलेल्यांना पहिल्या दिवसापासून दुभाषी द्या, वकील द्या, त्यांच्या वकिलातीला कळवा. पुरावा त्यांना समजेल अशा भाषेत सांगा. सिंधी, बलुची, फारसी, जी असेल ती. आणि खटला दोन वर्षांत संपवा. दोषी असतील तर वीस वर्षं द्या, माझी काही हरकत नाही. २३२ किलो हेरॉइन म्हणजे किती घरांची राख, हे मलाही कळतं. आमच्या गल्लीतल्या एका पोराला व्यसनापायी पार वाया जाताना मी पाहिलंय. त्याच्या आईला मुद्दाम विचारलं नाही, पण तिला खरे दोषी हवे असतील. अंदाजे दोषी नकोत.

भाच्याचं जहाज त्या वेळी सुखरूप बंदराला लागलं. ताईनं मला फोन करून सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "नानांना काही बोलू नको हं, मोठे आहेत." म्हणून बोललो नाही, लिहिलं. त्या पोराचं जहाज महिन्याला दोन-तीन देशांच्या पाण्यातून जातं. प्रत्येक ठिकाणी तो परदेशीच असतो. हजारो कंटेनर असतात, त्यांतला एकही त्यानं उघडून पाहिलेला नसतो. उद्या कुठल्या बंदरात कुत्रं भुंकलं, तर त्याला कुणीतरी विचारावं, वकील द्यावा, त्याचं म्हणणं त्याला कळणाऱ्या भाषेत लिहून घ्यावं, एवढीच ताईची अपेक्षा आहे. ती अपेक्षा जगाकडून करायची असेल तर त्या आठ जणांनाही ते द्यावं लागतं, आणि आपण ते दिलं याचा मला अभिमान आहे. उशिरा दिलं, याची लाज आहे.

असो. बरंच लांबलं. नाना, रागावला असाल तर रविवारी सकाळी या, तर्री-पोहे माझ्याकडून. भांडण तिथंच पूर्ण करू.